पांढरं कुणाच्या घरचं

"म्हंजे आक्का, दोष मेंढीचाच म्हणायचा का न्हाई?"

धुळाप्पानं विचारलं खरं, पण उत्तर तो घरूनच ठरवून आला होता. आक्कानं नुसती मान डोलवायची आणि आपण वाटेला लागायचं, एवढंच आता उरलंय अशा थाटात तो बसला होता.

आक्का पालाच्या सावलीत लोकर निवडत होती. काळी एकीकडं, पांढरी एकीकडं. हात थांबला नाही.

"कुठली मेंढी?"

"एक न्हाई, नऊ हायत. खाली रस्त्याला टेम्पोत भरल्यात."

"आन् केलं काय त्यांनी?"

"पांढरी कोकरं दिली!"

मेंढ्यांनी कुणाच्या गंजीला काडी लावली असावी, असा आवाज होता त्याचा.

आक्कानं काळ्या ढिगातून एक पांढरी बट वेचून काढली. पांढऱ्यात टाकली.

"बरं..." म्हणाली.

जतच्या पलीकडच्या त्या माळावर होनव्वा आक्काला ओळखत नाही असा मेंढपाळ सापडायचा नाही. वय ऐंशीच्या घरात, पाठीला बाक, पण मेंढीच्या चालीवरून तिच्या पोटात एक कोकरू आहे की दोन, हे ती लांबून सांगायची. त्या भागातली निम्मी पोरं तिच्या हाताखाली शिकून निघाली होती. धुळाप्पा त्यातलाच. चार वर्षं तिच्या मेंढ्या राखून तो शहाणा झाला होता. जरा जास्तच झाला होता, असं आक्काचं मत होतं, पण ती ते कुणाजवळ बोलत नसे.

आज तो गुरूला भेटायला आला होता असं मात्र कुणी समजू नये. तो भंडाऱ्यासाठी आला होता.

तिथल्या दहा-बारा घरांत एक रीत होती. लग्नात लेकीला माहेरानं आंदण दिलेली मेंढी, नाहीतर त्या मेंढीच्या वंशातली मेंढी, नवऱ्याच्या मनात आलं म्हणून विकता येत नसे. आधी जाणत्या माणसापुढं न्यायची, कारण सांगायचं. पटलं तर ते माणूस बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, मेंढीच्या कपाळाला लावायचं. भंडारा लागला की मेंढी बाजारला मोकळी. नाही लागला तर गुमान घरी परत.

टेम्पोतल्या नऊही मेंढ्या धुळाप्पाच्या बायकोच्या होत्या. गौरव्वाच्या. सहा वर्षांमागं ती लग्न होऊन आली तेव्हा बापानं तिच्यासोबत पाच मेंढ्या धाडल्या होत्या, त्यांचाच हा विस्तार.

गौरव्वाही आली होती. खाली टेम्पोजवळ, बाभळीच्या बुडाशी बसली होती. मांडीवर आठ दिवसांचं पांढरं कोकरू. चार दिवसांत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याआधी बोलली होती तेवढं बास होतं.

"मेंढ्या बाजारला गेल्या की मी पण गेले. तिथनंच माहेरची गाडी धरीन. मागारी येणार न्हाई."

धुळाप्पा तेव्हा हसला होता. पण तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं, हेही खरं. बायकोवर जीव होता त्याचा. पण मान राखायचा म्हणजे काळीज घट्ट करावं लागतं, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

"आक्का, तुमाला काय येगळं सांगायचं," तो आता सरसावून बसला. "देवाला चढणारी काळी घोंगडी दरसाल आमच्या लोकरीची हुती. आज्जापासनं. का? तर आमच्या मेंढ्यांच्या खांडात पांढरं जल्मत न्हाई. काळं म्हंजे काळं, कोळशावाणी. येत्या रविवारी पाच मानकरी खांड बघाय येणार. त्यांना पांढरं कोकरू दिसलं की झालं, मान गेला दुसऱ्याच्या घरात. बाप जाऊन आठ म्हयने झाले न्हाईत, तवर पोरानं मान घालवला म्हणतील."

"किती झाली पांढरी?"

"पाच."

"पाचीच्या पाची ह्याच मेंढ्यांची?"

इथं धुळाप्पा थोडा अडखळला.

"तीन ह्यांची. दोन घरच्या मेंढ्यांची."

"घरच्यांना कशी झाली रं?"

"संगत, आक्का!" उत्तर तयार होतं. "एका वाघरीच्या जाळीत कोंडायच्या, एका पाण्यावर न्यायच्या. हिच्या माहेरच्या मेंढ्यांचं बघून बघून आमच्या पण बिघडल्या."

आक्कानं पहिल्यांदा मान वर केली. धुळाप्पाच्या तोंडाकडं बघितलं. रंगानं तो तव्याच्या बुडासारखा होता.

"चार वर्षं तू माझ्या पांढऱ्या मेंढ्यांत ऱ्हायलास," ती म्हणाली. "काय फरक पडला न्हाई म्हणायचा."

धुळाप्पाला हसावं की रागवावं कळेना. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. बाजार दुपारी उठायचा, त्याला घाई होती.

"चेष्टा नगं आक्का. भंडारा लावा, मला जाऊ द्या."

"लावू की. पळून चाललाय व्हय भंडारा? मेंढा कुठला ठेवला हुतास?"

"राजा! दुसरा कुठला ठेवणार?" धुळाप्पाची छाती आपोआप पुढं आली. "आज्जाच्या मेंढ्याच्या वंशातला. नाकापासनं शेपटापत्तूर एक पांढरा केस दावा, मिशी उतरून देतो."

"मिशी ऱ्हाऊ दे. गेल्या साली तोच राजा माझ्याकडं सोडला हुतास न्हवं?"

"हुता की. तुमच्याच भल्यासाठी."

सोडला होता खरा, आणि केवढा गाजावाजा करून! आक्काच्या कळपात तेरा पांढऱ्या मेंढ्या होत्या. धुळाप्पाला ते बघवत नसे. एकदा जत्रेत चारचौघांत तो बोलून गेला होता की आमच्या राजाला एक साल आक्काकडं ठेवतो, सगळं खांड काळंभोर करून दावतो. बाप तेव्हा जिवंत होता, शेजारीच बसला होता. पोराचं बोलणं ऐकून तो गप्पच राहिला होता. पुढं धुळाप्पा ती कोकरं बघायला फिरकला नव्हता. बघायचं काय त्यात? काळीच होणार.

आक्का उठली. पालाच्या बाजूला जाऊन तिनं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. उतारावरून कोकरं पळत आली. कोकरं कसली, वर्षाची होत आलेली, चांगली धष्टपुष्ट.

"राजाची लेकरं," आक्का म्हणाली. "मोज."

धुळाप्पानं मोजली. काळी सात. पांढरी... त्यानं पुन्हा मोजली. पांढरी सहा.

"काळी कुणाची?"

"राजाची! बघा की कशी चकाकत्यात."

"आन् पांढरी?"

"ती तुमच्या मेंढ्यांची. आईवर गेल्यात."

"बाप एकच. काळं झालं की बापाचं, पांढरं झालं की आईचं."

"तसंच असतंय आक्का."

"असतंय व्हय..."

आक्का एका पांढऱ्या कोकराच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "राजाच्या आधी तीन वर्षं ह्याच तेरा मेंढ्यांवर दुसरा मेंढा हुता माझ्याकडं. पल्याडच्या खांडातला, काळाच. तीन वर्षांत पस्तीस कोकरं झाली. त्यातली पांढरी किती असतील?"

"निम्मी?"

"एक पण न्हाई. मेंढ्या त्याच. माळ तोच, पाणी तेच. मेंढा तेवढा बदलला."

धुळाप्पानं टोपी काढली, परत घातली. ऊन चांगलंच चढलं होतं.

"म्हंजे... काय म्हणायचं तुमाला?"

"पांढरं काळ्याच्या पोटात निजून असतंय, धुळाप्पा. वरनं दिसत न्हाई, आन् एकट्याचं कधी उठत न्हाई. आईकडनं पण आलं आन् बापाकडनं पण आलं, तरच उठून बसतंय. त्या मेंढ्याच्या पोटात न्हवतं. म्हणून पस्तीस झाली, सगळी काळी."

"आन् राजाच्या पोटात हाय म्हणता?"

"मी कुठं म्हणती? सहा जण म्हणत्यात. हे बघ, तुझ्या म्होरं उभी हायत."

धुळाप्पाचं डोकं सणकलं. दुसरं कुणी असतं तर त्यानं तिथंच गचांडी धरली असती.

"आक्का, तुमच्या हाताखाली शिकलो म्हणून ऐकून घेतोय! आमच्या घरात सात पिढ्यांत पांढरं न्हाई. माझा बाप देवाच्या पायरीवर भंडारा उचलून सांगायचा."

"सांगायचा."

"मग?"

"मग काय? सांगायचाच की. मी पण ऐकलंय."

पुन्हा हॉर्न वाजला. धुळाप्पा उतारावर जाऊन टेम्पोवाल्यावर खेकसून आला. येताना त्याची नजर बाभळीखाली गेली. गौरव्वा कोकराच्या तोंडात बोट घालून त्याला काहीतरी चाटवत होती. तिनं मान वर केली नाही. भीती वाटली की त्याचा आवाज आणखी चढायचा. स्वभावच तो.

"हे बघा आक्का, मला तुमचं निजणं-उठणं काय कळत न्हाई. मला एक कळतं. पांढरं आईकडनं येतं. जी मेंढी पांढरी, नाहीतर जी पांढरं देती, तिच्या घरचा डाग. ती ज्या घरातनं आली, त्या घराचं बीज खोटं. आन् खोटं बीज असणाऱ्या घराला देवाच्या घोंगडीला हात लावायचा हक्क न्हाई."

"पक्कं?"

"पक्कं."

"मागनं फिरशील."

"धुळाप्पा बोललेलं फिरवत न्हाई."

"उचल मग भंडारा."

पालाच्या खांबाला भंडाऱ्याची पिशवी लटकत होती. त्यानं झटक्यात चिमूट उचलली, कपाळाजवळ नेली, परत पिशवीत सोडली. झालं. शपथ झाली.

आक्कानं मान डोलावली. मग हाक मारली, "ए म्हातारे, ये गं."

एक थोराड पांढरी मेंढी कळपातून निवांत चालत आली. तेरा पांढऱ्यांतली सगळ्यात वयस्क. तिच्या मानेवर लोकर दाट वाढली होती, कान त्यातच बुडाले होते.

"हिचा डावा कान धर."

"कशाला?"

"धर म्हणती न्हवं."

आता हे सांगायला हवं की मेंढपाळाच्या घराची ओळख मेंढीच्या कानावर असते. कोकरू तीन दिवसांचं झालं की त्याचा कान कातरून घराची खूण करायची. कुणाची एक चीर, कुणाचं टोक छाटलेलं. कळपात कळप मिसळले तरी भांडण होत नाही, कान चाचपला की मेंढी कुणाची ते कळतं. धुळाप्पाच्या घरची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला दोन चिरा आणि मध्ये गव्हाएवढं भोक. बाप गेल्यापासून ती खूण तोच करत होता. दोन चिरा, एक भोक.

त्यानं लोकर बाजूला सारून कान धरला.

अंगठा पुढं सरकला आणि थांबला.

एक चीर... दुसरी चीर...

अंगठ्याला आधी कळलं, मग त्याला.

भोक.

त्यानं कान सोडला. दुसरी पांढरी मेंढी धरली. तिच्या कानाला दोन चिरा, एक भोक. तिसरी धरली. चौथीच्या मागं तो पळाला, तिची तंगडी धरून तिला खाली घातलं. दोन चिरा, एक भोक. टोपी पडली, तिचं त्याला भान नव्हतं.

"ह्या..." चौथीचा कान अजून त्याच्या हातातच होता. "ह्या आमच्या मेंढ्या हायत."

"व्हय."

"तुमी... आमच्या खांडातनं..."

"थोबाड सांभाळ!" आक्का कडाडली. सकाळपासून पहिल्यांदाच. "ऐंशी वर्षांत कुणाची शेपूट चोरली न्हाई मी. तुझ्या बापानं आणून दिल्यात. दोन्ही हातांनी."

धुळाप्पा तिथंच खाली बसला.

आक्काही बसली. लोकरीचा ढीग तिनं पुढं ओढला, पण निवडली नाही.

"दरसाल यायचा तुझा बाप सिदाप्पा," ती म्हणाली. "दिवस उगवायच्या वक्ताला. घोंगडीत गुंडाळून एक आणायचा, कधी दोन, कधी तीन. मानकरी यायच्या आत. एकवीस वर्षं आणली त्यानं. नर इकले, म्हाताऱ्या झालेल्या गेल्या, ऱ्हायल्या त्या ह्या."

धुळाप्पाला आता एकेक आठवायला लागलं. मेंढी व्यायला झाली की बाप त्याला जवळ येऊ द्यायचा नाही. तू चुलीचं बघ, तू पाण्याचं बघ. आणि सकाळी बाप कुठूनतरी चालत यायचा, घोंगडी रिकामी, पायांना माळाची धूळ. कुठं गेला होता विचारलं तर म्हणायचा, जरा फिरून आलो. फिरून! बाप कसला फिरून येतोय? असा राग आला धुळाप्पाला, की समोर असता तर भांडलाच असता. आणि समोर नाही म्हणून लगेच डोळ्यांत पाणी आलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"त्याला शब्द दिला हुता. पोरानं इचारल्याबिगर सांगणार न्हाई म्हणून. आज तू इचारलंस."

"चार वर्षं ह्याच मेंढ्या राखल्या मी इथं! मला कसं दिसलं न्हाई?"

"कसं दिसंल? काळ्यांना तू अंजारायचास, गोंजारायचास. पांढऱ्यांना कवा हात लावलास? काठीनं हाकायचास लांबनं."

म्हातारी मेंढी अजून तिथंच उभी होती. तिनं त्याची पडलेली टोपी हुंगली, चाटून बघितली.

"खूण कशाला केली पण?" तो एकदम म्हणाला. "लपवायचंच हुतं तर कान तसाच ठेवायचा. कुणाला कळलं असतं?"

"मी पण हेच इचारलं हुतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आक्का, खूण न करता दिलं तर टाकून दिल्यावाणी हुतं. आपल्या घरचं हाय."

धुळाप्पानं म्हाताऱ्या मेंढीचा कान परत एकदा चाचपला.

"पुढं तुझं लगीन झालं. सुनंच्या मेंढ्यांची पांढरी पण आणाय लागला. त्यांच्या पण कानाला तुमचीच खूण. मी म्हटलं, सिदाप्पा, ही तर तिच्या माहेरच्या मेंढ्यांची. तर म्हणाला, सून आमची झाली, आता तिच्या मेंढ्यांचं पांढरं पण आमचंच."

धुळाप्पानं तोंड फिरवलं. उपरण्यानं डोळे पुसले. माळावर वारा सुटला होता, धूळ गेली डोळ्यांत असं कुणालाही वाटलं असतं. आक्कानं तसंच वाटून घेतलं.

"म्हंजे तिच्याकडनं काय न्हाई?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. "सगळं आमच्याकडनंच?"

"झालं? आता ह्या टोकाला गेलास. तिच्याकडनं पण आलंय. तुझ्याकडनं पण आलंय. दोन्ही घरनं आलं म्हणून कोकरू पांढरं झालं."

"आन् रविवारी मानकऱ्यांना काय सांगू?"

"तुझ्या बापानं काय सांगितलं ते तुला कळलं. तू काय सांगायचं ते मी कशाला सांगू?"

"मान जाईल आक्का."

"जाईल नाहीतर ऱ्हाईल. एकवीस वर्षं देवानं ती घोंगडी पांघरली. ह्या मेंढ्यांच्या भावंडांची लोकर हाय ती. त्याला कवा टोचली न्हाई."

खालून हॉर्न वाजला तो या खेपेला थांबेचना. टेम्पोवाल्यानं त्यावर हातच ठेवला असावा.

धुळाप्पा उठला. सवयीनं तोंडातून तेच आलं, "मग भंडारा...?"

आक्कानं खांबाची पिशवी काढली. त्याची उजवी मूठ उघडली आणि तीत भंडारा ओतला. चिमूटभर नाही, मूठभर.

"आज तू लाव."

"मी?"

"तुला सगळं ठावं हाय. ज्याच्यापायी पांढरं आलं, त्याच्या कपाळाला लाव. जा."

मूठ घट्ट धरून धुळाप्पा उतार उतरला. मूठभर हळद ती, पण लग्नातला हंडा सांभाळावा तशी सांभाळत चालला होता. टेम्पोवाला काहीतरी बोलायला गेला आणि त्याचं तोंड बघून गप्प झाला.

टेम्पोची मागची फळी खाली पडली. नऊ काळी डोकी त्याच्याकडं वळली.

पहिल्या मेंढीजवळ त्यानं हात नेला. तिनं भाबडेपणानं कपाळ पुढं केलं. कुणी खाजवायला आलंय असं वाटलं असावं तिला. हिला लावायचा? हिनं काय केलं? निम्मं हिचं, निम्मं राजाचं. त्यानं हात मागं घेतला.

मग राजाला लावावा. पण राजाला ते मिळालं त्याच्या आईबापाकडून, आणि त्यांना त्यांच्या आईबापाकडून. कुठवर जायचं मागं? बापाला लावावा तर बाप राहिला नाही. आणि बापानं निदान कानाला खूण तरी केली होती. आपण काय केलं? बायकोच्या नऊ मेंढ्या टेम्पोत घातल्या, आणि तिच्या बापाचं घर खोटं म्हणून मोकळे झालो.

उन्हात उभा राहून तो घामानं निथळला. मूठ तशीच. हळद घामानं ओली होऊन बोटांतून बाहेर यायला लागली.

बाभळीखाली गौरव्वा उठून उभी राहिली होती. कोकरू छातीशी धरून त्याच्याकडं बघत होती. या चार दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघत होती. मेंढीच्या कपाळाला भंडारा लागतो का, एवढंच तिला बघायचं होतं. लागला की तिची वाट वेगळी.

धुळाप्पा तिच्याकडं दोन पावलं गेला.

"गौरे..."

तिनं कोकरू काखेत घेतलं.

"गौरे, त्या... आक्काच्या पांढऱ्या मेंढ्या हायत न्हवं... त्या आपल्या हायत. आपल्या घरच्या. म्हंजे बाबांनी... मी तुझ्या बापाला उगं..."

पुढं जमेना. आयुष्यात कधी माफी मागितलेली नव्हती, तिचे शब्द कुठं ठेवलेले असतात तेच त्याला माहीत नव्हतं. कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यांत उतरला, चुरचुरलं. त्यानं मूठ उघडून तळहातानं कपाळ खसखसून पुसलं.

गौरव्वानं बघितलं.

तिनं पदर तोंडाला लावला. चार दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं, आणि ती हसायला लागली ती हसतच सुटली. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू, कोकरू बिचारं काखेत ब्यां ब्यां करतंय.

"काय झालं? काय झालं हसाय?" धुळाप्पा गोंधळून टेम्पोवाल्याकडं वळला. टेम्पोवाला पण हसायला लागला. भुवईपासून केसांपर्यंत धुळाप्पाचं सगळं कपाळ पिवळंधमक झालं होतं.

काठी टेकत टेकत आक्का उतार उतरून आली होती. तिनं टेम्पोतल्या मेंढ्यांची नऊ कपाळं बघितली. कोरी होती. मग धुळाप्पाचं बघितलं, हनुवटी धरून, दोन्ही बाजूंनी, मेंढीचं बघावं तसं.

मग ती गौरव्वाकडं वळली.

"पोरी, भंडारा लागलाय ह्याला. रीत म्हंजे रीत. आता बाजारला न्यायचा का घरी, ते तू ठरव."